मानपत्रातलं गाळलेलं वाक्य

पत्र

कोल्हापुरातल्या एका पेठेतून आलेलं हे पत्र. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. पत्रलेखकांचं वय ५४, उद्यमनगरात छोटं वर्कशॉप. तरुणपणी ते पेठेच्या तालमीच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर होते. तालमीचं यंदा अमृतमहोत्सवी वर्ष. त्यानिमित्त एका जुन्या खेळाडूला जीवनगौरव पुरस्कार द्यायचं ठरलं आणि पहिलं नाव पुढं आलं ते पत्रलेखकांच्याच संघातल्या सेंटर फॉरवर्डचं. 'शाहू स्टेडियमवर त्याच्या पायात बॉल आला की गॅलरी उभी राहायची,' असं ते लिहितात. पण नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका फायनलला या फॉरवर्डनं आपल्याच संघाच्या विरुद्ध बुकीकडं पैसे लावल्याचं उघड झालं. 'पैसे लावले, पण खेळ सोडला नाही,' एवढंच त्यानं कबूल केलं. पाच वर्षांची बंदी आली. तो परत मैदानात उतरला नाही. गेली बरीच वर्षं मात्र तो पेठेतल्या पोरांना पहाटे फुकट शिकवतो.

निवड समितीत पाच जण आहेत. दोघं बाजूनं, दोघं विरोधात, पाचवं मत पत्रलेखकांचं. अध्यक्ष म्हणतात, 'जुनं उकरू नका, शाल-श्रीफळ देऊन मोकळं होऊ.' घरात १९ वर्षांचा पुतण्या मोबाइलवरच्या सट्ट्यात पैसे घालवून बसलाय आणि विचारतोय, 'त्यांनी लावले तर सत्कार, मी लावले तर शिव्या?' पत्राची शेवटची ओळ: 'ताई, मी कुणाच्या बाजूनं हात वर करू?'

उत्तर

नमस्कार.

तुमचं पत्र चार पानांचं आहे. त्यात तालीम आहे, मित्र आहे, अध्यक्ष आहेत, पुतण्या आहे. स्वतःबद्दल मात्र तुम्ही एकच वाक्य लिहिलंय: 'त्या फायनलचे दोन्ही गोल माझ्यावर झाले आणि पुढं दोन वर्षं पेठेत मला काय काय ऐकून घ्यावं लागलं ते लिहीत नाही.' या वाक्याकडं मी येणार आहे. पण आधी मताचं बोलू, कारण बैठकीची तारीख जवळ आलीय.

तुम्ही लिहिता, 'एवढ्या मोठ्या खेळाडूला डावललं तर त्याच्यावर अन्याय, आणि दिलं तर बाकीच्यांवर.' यातला दुसरा अर्धा मला पटतो, पहिल्याबद्दल शंका आहे. पुरस्कार म्हणजे कुणाचं थकलेलं देणं नव्हे. मजुरी थकली तर अन्याय झाला असं म्हणता येतं. जीवनगौरव मिळाला नाही तर हळहळ वाटेल, राग येईल, पण कुणाचा हक्क मारला गेला असं होत नाही. आपल्याच मातीतलं उदाहरण घ्या. राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीतलं ब्राँझ पदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९८४ साली ते गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी. त्यांनी तर कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं. तेव्हा मान देण्याचा आपला हिशेब कधीच चोख नव्हता, हे आधी मान्य करू. म्हणजे 'दिलं नाही तर आभाळ कोसळेल' हे दडपण तुमच्या डोक्यावरून जरा उतरेल.

आता एक परदेशातली गोष्ट. बेसबॉल आपल्याकडं कुणी बघत नाही, पण तुमच्यापुढं आहे तोच प्रश्न अमेरिकेत पस्तीस वर्षं चघळला गेलाय. पीट रोझ नावाचा खेळाडू. त्याच्या नावावर ४,२५६ हिट्स आहेत, आजवर तेवढ्या कुणालाच जमलेल्या नाहीत. खेळत असतानाच तो सिनसिनाटी रेड्स या संघाचा मॅनेजरही झाला आणि त्या काळात त्यानं बेसबॉलवर, अगदी आपल्या संघाच्या सामन्यांवरसुद्धा, सट्टा लावल्याचं चौकशीत निघालं. १९८९ साली त्याच्यावर कायमची बंदी आली. दोन वर्षांनी, १९९१ साली, बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंना मान देणाऱ्या कूपरस्टाउनच्या हॉल ऑफ फेमनं नियमच केला की बंदीच्या यादीतल्या माणसाचं नाव निवडीसाठी येणार नाही. रोझ मात्र पंधरा वर्षं 'मी बेसबॉलवर पैसे लावलेच नाहीत' म्हणत राहिला आणि २००४ साली आत्मचरित्र आलं तेव्हा कबूल झाला. २०२४ च्या सप्टेंबरात तो वारला. मे २०२५ मध्ये बेसबॉलचे कमिशनर, म्हणजे प्रमुख, रॉब मॅन्फ्रेड यांनी ठरवलं की कायमची बंदी माणसाच्या मृत्यूबरोबर संपते, कारण मेलेला माणूस खेळाला धोका पोचवू शकत नाही. त्याच निर्णयानं १९१९ च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेच्या, फिक्सिंग प्रकरणातल्या 'शूलेस' जो जॅक्सनवरची बंदीही उठली. त्याला जाऊन तेव्हा सत्तर वर्षं उलटून गेली होती.

यातलं मला काय घेण्यासारखं वाटतं ते सांगते. या सगळ्या वर्षांत रोझचे ४,२५६ हिट्स कुणी पुसले नाहीत. रेकॉर्डच्या पुस्तकात ते पहिल्या नंबरावरच राहिले. हॉल ऑफ फेमच्या संग्रहालयात त्याच्या वस्तूही मांडलेल्या आहेत. नाही ती फक्त मानाची ब्राँझची पाटी. म्हणजे काय घडलं याची नोंद त्यांनी ठेवली आणि कुणाला मान द्यायचा हा प्रश्न बाजूला काढला. लॉर्ड्सवरही तेच. २०१० च्या ज्या कसोटीत मोहम्मद आमिरनं पैशांसाठी ठरवून नो-बॉल टाकले, त्याच कसोटीत त्यानं ८४ धावांत ६ बळी घेतले होते. पुढं तो तुरुंगात गेला, पाच वर्षांची बंदी भोगली, पण त्या ६ बळींसाठी त्याचं नाव लॉर्ड्सच्या फलकावर आहे. बळी गेले होते ते गेलेच होते.

तुमच्या तालमीनं नेमकं उलटं केलंय. तुम्हीच लिहिलंय की बंदीनंतर कुणीतरी आधीच्या एका विजेत्या संघाचा फोटो उतरवला आणि तो आजही माळ्यावर पडून आहे. पुरस्काराचं काय व्हायचं ते होऊ दे, तो फोटो आधी खाली आणा, पुसा आणि होता त्या खिळ्यावर लावा. त्यात तुम्हीही आहात. आणखी नऊ जण आहेत, ज्यांनी काहीही केलेलं नाही आणि तरी इतकी वर्षं माळ्यावर आहेत. यासाठी मतदान लागत नाही.

मॅन्फ्रेड यांचा 'मेल्यावर बंदी संपते' हा हिशेब मला मात्र पटत नाही. आपल्याकडं तर तो आपोआपच होतो. माणूस गेला की दुसऱ्या दिवशी चौकात डिजिटल फ्लेक्स लागतो, हातात कप असलेला जुना फोटो, 'पेठेचा ढाण्या वाघ', 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि खाली त्याच पदाधिकाऱ्यांचे फोटो ज्यांनी जिवंतपणी पुरस्काराला हात वर केला नाही. मेलेल्या माणसाला मान देणं सोपं असतं, कारण त्याला काही विचारावं लागत नाही आणि त्यालाही काही सांगावं लागत नाही. तुमचा मित्र जिवंत आहे, रोज पहाटे मैदानावर भेटतो. ही संधी अमेरिकेतल्या त्या लोकांनी घालवली.

समितीतल्या बाजूच्या दोघांचं म्हणणं तुम्ही लिहिलंय: 'शिक्षा भोगून झाली, विषय संपला.' शिक्षा संपली हे खरंच आहे. इटलीच्या पाओलो रोस्सीची गोष्ट तुमच्या पिढीच्या फुटबॉलवाल्यांना सांगायला नको. १९८० च्या सट्टा प्रकरणात तीन वर्षांची बंदी, ती दोनवर आली. मी निर्दोष आहे असं तो शेवटपर्यंत म्हणत होता. बंदी संपल्यावर काही आठवड्यांतच तो १९८२ च्या वर्ल्ड कपला उतरला, ब्राझीलविरुद्ध तीन गोल मारले, स्पर्धेत एकूण सहा, इटली जगज्जेती झाली आणि युरोपातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा त्या वर्षीचा बॅलन डी'ऑरही त्यालाच मिळाला. त्याला तो मान देऊ नये असं कुणाला वाटलं असेल तर मला ते चूकच वाटतं. बंदी संपलेल्या खेळाडूला मैदान बंद ठेवायचं नसतं, आणि मैदानावर त्यानं नव्यानं कमावलेलं नाकारायचंही नसतं.

पण तुमच्या मित्रांनी बंदीनंतर बूट घातलेच नाहीत. रोस्सीचा पुरस्कार १९८२ च्या खेळाबद्दल होता. तालमीचा जीवनगौरव सगळ्या कारकिर्दीबद्दल आहे, आणि त्या कारकिर्दीत ती फायनलही येते. शिक्षा संपली म्हणून माणसाला त्याचे सगळे हक्क परत मिळतात: खेळायचा, शिकवायचा, तालमीत येऊन बसायचा. सत्कार हा त्या हक्कांतला नाही. तो समोरच्यांनी आपणहून द्यायचा असतो. त्यामुळं 'शिक्षा झाली, आता द्याच' हेही बरोबर नाही आणि 'शिक्षा झाली होती, म्हणून कधीच नाही' हेही नाही.

आणखी एक गोष्ट. जुगाराची सगळी प्रकरणं एका मापाची नसतात, आणि विरोधातले दोघं ती एकाच मापानं मोजतायत असं दिसतं. मटक्याचा आकडा लावणारा खेळाडू, दुसऱ्याच सामन्यावर पैसे लावणारा खेळाडू, आपल्या संघाच्या विजयावर लावणारा आणि आपल्या संघाच्या पराभवावर लावणारा, ही चार वेगळी माणसं आहेत. रोझचे पाठीराखे म्हणायचे, तो कायम आपल्या संघाच्या बाजूनंच लावायचा, मग बिघडलं काय? बिघडतं ते असं: पैसे लावलेल्या दिवशी मॅनेजर थकलेल्या खेळाडूलाही दामटतो, कारण आजचा सामना त्याला जिंकायचाच असतो, उद्याचं उद्या. ज्या दिवशी तो पैसे लावत नाही त्या दिवशी बुकीला न बोलता खबर मिळते. आणि उधारी वाढली की बुकी एक दिवस पैशांऐवजी भलतंच काहीतरी मागतो. तुमच्या मित्रांचं प्रकरण या सगळ्याच्याही पुढचं आहे. त्यांनी विरुद्ध बाजूला लावले. 'खेळ सोडला नाही' हे त्यांचं म्हणणं खरंही असेल. पण हरलो तर पैसे मिळणार आहेत हे मनात ठेवून गोलसमोर उभ्या राहिलेल्या माणसाचा पाय कुठं वळला आणि का वळला, हे त्याचं त्यालाही सांगता येणार नाही. कुस्तीचं गाव आहे आपलं. खासबागेत नुरा, म्हणजे निकाल आधीच ठरवलेली, कुस्ती चाललीय असा नुसता वास आला तरी लोक पैलवानाला सोडत नाहीत, मग पट सुटला तो खरंच सुटला असला तरी.

मात्र माप लावायचं तर पुरावाही बघावा लागतो. मोहम्मद अझरुद्दीनवर २००० साली क्रिकेट मंडळानं आजन्म बंदी घातली. २०१२ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयानं ती बेकायदा ठरवली. तोवर ते ४९ वर्षांचे झाले होते आणि ९९ कसोटींवर थांबले ते थांबलेच. श्रीशांतच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं २०१९ साली मंडळाला सांगितलं की आजन्म बंदी जास्त झाली, शिक्षेचा फेरविचार करा. मग ती सात वर्षांवर आली. उलट बाजूला जो जॅक्सन: कोर्टात सुटला आणि तरी बेसबॉलनं त्याला बाहेरच ठेवलं. म्हणजे कोर्टाचा निकाल आणि खेळाचा निकाल हे नेहमी हातात हात घालून चालत नाहीत. तुमच्या प्रकरणात कागद काय आहे? बंदीचं पत्र आहे? कुणी चौकशी केली, कुणाचे जबाब घेतले, त्यांना बाजू मांडू दिली होती का? की चौकातल्या चर्चेवर सगळं झालं? तालमीच्या दप्तरात त्या वर्षीचं इतिवृत्त असेल तर मत देण्याआधी ते काढून वाचा. काहीच कागद नसेल तर जे त्यांनी स्वतः कबूल केलंय तेवढंच धरायचं: पैसे लावले. त्याच्या पुढचं, 'फायनल विकली' वगैरे, समितीच्या बैठकीत कुणी बोललं तर तुम्ही थांबवायचं. हे गोलकीपरनं थांबवलं तर त्याला वजन येईल.

आता त्या वाक्याकडं येते.

फायनल हरल्यावर पेठेनं तुम्हाला धरलं. 'दोन्ही गोल साधे होते', 'गोलकीपर झोपला होता', असलंच काहीतरी ऐकवलं असणार. पुढच्या हंगामात सट्ट्याचं उघड झालं तेव्हा तुमची कुणी माफी मागितली का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मागितली नसावी असा माझा अंदाज आहे. लोक नव्या माणसाला शिव्या द्यायला लागले की जुन्या माणसाला दिलेल्या परत घ्यायला विसरतात. तुम्हाला असं वाटतंय की या मतामध्ये तुम्ही पंच आहात, म्हणून तुम्ही स्वतःला पत्रातून जवळजवळ वगळलंत. पण तुम्ही पंच नाही, त्या सामन्यातला एक खेळाडू आहात, आणि सट्ट्यातलं नुकसान ज्याचं झालं असा पहिला माणूस तुम्हीच आहात. बुकीचं काही गेलं नाही. तालमीचा एक कप गेला. तुमची दोन वर्षं गेली.

म्हणून बैठकीत सुरुवातीलाच हे मोकळेपणानं सांगा: 'मी त्या दिवशी गोलमध्ये होतो, माझ्या मनात राग आहे, हे धरून माझं मत ऐका.' मतातून बाहेर पडायची गरज मला वाटत नाही. पेठेच्या तालमीत प्रत्येकाचं प्रत्येकाशी काहीतरी नातं असतंच. सगळे बाहेर पडले तर समितीत कुणी उरणार नाही. लपवलेला राग मात्र मताला वाकवतो, दोन्हीकडं. काही जण रागानं 'नाही' म्हणतात, आणि काही जण 'मी रागानं वागलो असं कुणी म्हणायला नको' म्हणून घाईनं 'हो' म्हणतात. तुमचं पत्र वाचून मला तुम्ही दुसऱ्या प्रकारचे वाटता.

मग करायचं काय? अध्यक्षांचा मार्ग, म्हणजे गुपचूप शाल-श्रीफळ, मला सगळ्यात वाईट वाटतो. ज्यांना ती फायनल आठवते ते समोर बसून एकमेकांना कोपर मारतील, ज्यांना ठाऊक नाही त्या पोरांना घरी गेल्यावर दुसरंच कुणीतरी तिखट-मीठ लावून सांगेल, आणि तुमचे मित्र व्यासपीठावर बसून कुणाची नजर कुठं आहे ते बघत राहतील. तो सत्कार होणार नाही. साफ नकार हाही मार्ग आहे, आणि विरोधातल्या दोघांना मी खोडून काढणार नाही. पण त्यात त्यांच्या नंतरच्या सगळ्या पहाटा वाया जातात.

मी सुचवते ते हे: मत देण्याआधी मानपत्र लिहा. सत्कार ठरल्यावर कुणातरी मास्तरांकडून मानपत्र लिहून घेतात तसं नाही. आधी मसुदा, मग मत. त्यात त्यांचे गोल लिहा, त्यांनी घडवलेली पोरं लिहा, आणि त्या हंगामाबद्दल एक सरळ वाक्य लिहा. उदाहरणार्थ: 'एका अंतिम सामन्यात स्वतःच्या संघाविरुद्ध पैसे लावल्याबद्दल त्यांच्यावर पाच वर्षांची बंदी आली, ती त्यांनी भोगली आणि नंतर याच मैदानावर पुढच्या पिढीला विनामूल्य शिकवलं.' विशेषणं नकोत. 'दुर्दैवी प्रसंग', 'काळाचा घाला', 'विरोधकांचं कारस्थान' असलं काही नको. मग स्वतःला विचारा: हे वाक्य त्यांच्या समोर, त्यांच्या घरच्यांच्या समोर, सगळ्या पेठेसमोर माइकवरून वाचता येईल का? येत असेल तर जीवनगौरव द्या, माझा त्याला पाठिंबा आहे. येत नसेल, हे वाक्य गाळूनच मानपत्र वाचावं लागणार असेल, तर तो पुरस्कार द्यायची तालमीची तयारी झालेली नाही, आणि तुमचा हात खाली राहू दे.

हा मसुदा घेऊन तुम्ही एकटे त्यांच्याकडं जा. समितीचे म्हणून नका जाऊ. संघातले म्हणून जा. पंचवीस-सत्तावीस वर्षं तुम्ही दोघं 'काय, बरं हाय का?' याच्या पुढं बोललेले नाही असं तुम्ही लिहिलंय. माफी मागायला लावू नका. मागून घेतलेली माफी मला कधीच खरी वाटलेली नाही. मसुदा त्यांच्या हातात द्या आणि विचारा, हे असं वाचलेलं चालेल का? ते 'चालेल' म्हणतील, 'हे वाक्य बदला' म्हणतील, 'मला पुरस्कारच नको' म्हणतील. शेवटचं उत्तर आलं तर ते पूर्ण मानानं स्वीकारायचं, मन वळवायला जायचं नाही. आणि 'माझ्यामुळं तुला बोल लागले' असं ते आपणहून म्हणाले तर समितीचं काय व्हायचं ते होवो, तुमचं एक काम झालं.

ते वाक्याला तयार झाले नाहीत तरी शिकवण्याबद्दल त्यांचे आभार तालमीनं मानायलाच हवेत, वेगळे, त्याच कामापुरते. शिकलेल्या पोरांच्या हातून, पहाटे, मैदानावर. त्याला जीवनगौरव म्हणू नये. आणि शिकवायची जबाबदारी द्यायला तर काहीच हरकत नाही, उलट तिथं त्यांचा अनुभव कामाचा आहे. इटलीचा फुटबॉलपटू सांद्रो तोनाली याला २०२३ साली सट्ट्याबद्दल १८ महिन्यांची बंदी झाली, पण त्यातले आठ महिने या अटीवर माफ केले की त्यानं व्यसनमुक्तीचे उपचार घ्यायचे आणि किमान १६ ठिकाणी जाऊन आपली गोष्ट सांगायची. शिक्षेतला तो भाग मला बंदीपेक्षा शहाणपणाचा वाटतो. तुमच्या मित्रांना पोरांसमोर बोलायला तयार करता आलं, तर तालमीच्या पंच्याहत्तरीतला तो सगळ्यात उपयोगाचा कार्यक्रम होईल.

पुतण्याचं मी मुद्दाम मागं ठेवलं होतं. कारण त्याचं दुखणं पुरस्काराच्या वादात मिसळलं तर दोन्हीकडचा गोंधळ वाढेल. त्याचा प्रश्न खोचक आहे, पण उत्तर आहे. त्यानं स्वतःचे, म्हणजे बहुधा तुमच्या भावाचे, पैसे घालवले. त्यानं कुणाचा सामना बिघडवला नाही, संघातल्या कुणाचा विश्वास मोडला नाही. खेळाच्या हिशेबात तो तुमच्या मित्रापेक्षा कमी दोषी आहे, हे त्याला स्पष्ट सांगा. तो चकित होईल. मग सांगा की धोका मात्र त्याला जास्त आहे, कारण बुकीकडं जायला पूर्वी गल्ली ओलांडावी लागायची, आता बुकी उशाशी असतो. तो म्हणेल, 'भारतीय संघाच्या जर्सीवरच होतं की!' २०२३ पासून दोन वर्षं ड्रीम इलेव्हनचं नाव तिथं होतंच, तेव्हा त्याचा गोंधळ समजण्यासारखा आहे. तो खेळ कौशल्याचा, असं न्यायालयांनी तेव्हा म्हटलंही होतं. पण ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारनं पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, आणि ते नाव जर्सीवरून गेलं. आता जे चोरून चालू आहे त्यात गेलेल्या पैशांची दाद मागायलाही जागा नाही.

आणि शिव्या थांबवा. किती गेले, कुणाकडून उसने घेतले, कुठल्या लोन ॲपचं देणं आहे, हे सगळं त्याच्याकडून एका कागदावर लिहून घ्या, उसनवारी घरच्यांनी मिळून एकदाच फेडा, आणि काही महिने त्याच्या यूपीआयवर मर्यादा घाला, त्याच्या संमतीनं. तरी हात थांबत नसेल, झोप लागत नसेल, 'गेलेले काढून थांबतो' हे वाक्य परत परत येत असेल, तर ते व्यसन आहे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. तुमच्या मित्राशी त्याची गाठ घालून द्यावी का? घालावी, पण मित्राला आधी विचारून. 'बघ, तुझ्यासारखाच' असं म्हणून पोराला कुणाच्या दारात उभं करू नका.

हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्या तालमींना, मंडळांना आणि क्लबांना दोन शब्द. पुरस्काराचे नियम नाव पुढं यायच्या आधी करा, सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्या. बंदी झालेल्या खेळाडूचा विचार करायचा की नाही, करायचा तर किती वर्षांनी, मानपत्रात त्याचा उल्लेख करायचा का, हे कुणाचंही तोंड डोळ्यांसमोर नसताना ठरवलं की भांडण कमी होतं. सामन्यावर पैसे लावणार नाही अशी लेखी हमी खेळाडूंबरोबर पदाधिकाऱ्यांकडूनही घ्या. गॅलरीतल्या पैजांना हसून सोडून देणारे बहुतेक वेळा पदाधिकारीच असतात, हे मी पत्रांतून पुष्कळदा वाचलंय.

तुमच्या अध्यक्षांना एवढंच सांगा की पत्रिका छापायला टाकू नका. बैठक आठ दिवस पुढं गेली तर अमृतमहोत्सवाचं काही अडत नाही, आणि मसुदा घेऊन मैदानावर जायला तुम्हाला तेवढे दिवस लागतील.